वसल म्हणजे कोण? : शब्दाची चौकशी आणि पाली कोशपरंपरा

नागपूरच्या लकडगंज भागात राहणाऱ्या एखाद्या गृहस्थास आपल्या वस्तीच्या नावाचा अर्थ विचारला, तर तो फारसा विचार न करता 'लाकडाचा बाजार' असे सांगेल. उत्तर बरोबर आहे. सागवानाचे लठ्ठे, आरामशिनींची घरघर आणि भुशाचा वास यांवरून ही वस्ती आजही ओळखता येते. परंतु त्याच घरातील बाईस 'गंज' म्हणजे काय असे विचारले, तर ती स्वयंपाकघरातील वरण शिजविण्याचे भांडे दाखवील. खेड्यावरून आलेला तिचा भाऊ गवताच्या गंजीची आठवण काढील. फारसीत 'गंज' म्हणजे खजिना वा साठा. आणि अमरकोशाच्या पुरवर्गात 'गञ्जा' हा शब्द मद्यगृह या अर्थाने आला आहे, तोही नेमका विद्यार्थ्यांच्या मठाला लागून! दिवसातून दहा वेळा उच्चारला जाणारा हा शब्द कोशात काढून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही, कारण तो आपणास ठाऊक आहे अशी सर्वांची समजूत असते.

अपरिचित शब्दाचा अर्थ शोधावा, आपली शब्दसंपत्ती वाढवावी, असे शिक्षक नेहमी सांगतात. त्यात चूक काही नाही. परंतु बौद्ध परंपरेचा इतिहास पाहता, शब्दाची चौकशी हा केवळ विद्वत्तेचा विषय कधीच नव्हता असे दिसते. माणसाला माणूस म्हणून उभे राहू द्यावयाचे की नाही, हा प्रश्न अनेकदा एका शब्दाच्या अर्थावर येऊन ठेपला आहे. आणि तो शब्द बहुतेक वेळा अपरिचित नव्हता. सर्वांच्या तोंडी असलेला होता. प्रस्तुत लेखात या इतिहासातील काही प्रसंगांचा विचार करावयाचा आहे.

पहिला प्रसंग श्रावस्तीचा. सुत्तनिपातातील वसलसुत्तात तो आला आहे. सकाळची वेळ होती. तथागत भिक्षाटनास निघाले होते. अग्गिक भारद्वाज नावाच्या ब्राह्मणाच्या घरी अग्नी प्रज्वलित झालेला, आहुतीची सिद्धता झालेली. दुरून येणाऱ्या श्रमणास पाहून तो ओरडला आणि त्याने तथागतांना तिथेच थांबावयास सांगितले. त्यासाठी त्याने तीन शब्द वापरले : मुंडक, समणक, वसलक. या तिन्ही शब्दांच्या शेवटी जो 'क' आहे तो तुच्छतादर्शक आहे. आपल्याकडे जातीच्या नावाला 'डा' जोडून हाक मारण्याची जी रीत होती, तिचे हे अडीच हजार वर्षांपूर्वीचे भावंड. ज्यांनी ती हाक ऐकली आहे, त्यांना या 'क'चा अर्थ कोशात पाहावा लागणार नाही.

तथागतांनी यावर काय केले? ते रागावले नाहीत, निघूनही गेले नाहीत. त्यांनी त्या ब्राह्मणास विचारले की, वसल कोणाला म्हणतात आणि माणूस कशाने वसल होतो, हे तुला ठाऊक आहे काय? ब्राह्मणाने कबूल केले की, मला ठाऊक नाही; आपणच सांगावे. हा प्रसंग आपण पुष्कळदा वाचलेला असतो, परंतु या कबुलीपाशी आपण थांबत नाही. जो शब्द त्याने दगडासारखा फेकला, त्याचा अर्थ त्याला माहीत नव्हता! पिढ्यान्‌पिढ्या तो शब्द त्याच्या घरात वापरला जात असणार. पण कोणी त्याची चौकशी केली नव्हती. त्यानंतर तथागतांनी वसल कोण ते सांगितले : क्रोधी, हिंसा करणारा, चोरी करणारा, घेतलेले ऋण नाकारणारा, समर्थ असूनही वृद्ध आईबापांना न पोसणारा, स्वतःची थोरवी गाऊन इतरांस हीन लेखणारा. जन्माने कोणी वसल होत नाही आणि जन्माने कोणी ब्राह्मणही होत नाही, असा निर्णय देऊन त्यांनी चांडाळपुत्र मातंगाचे उदाहरण दिले, ज्याच्या सेवेस क्षत्रिय आणि ब्राह्मण येत असत. शेवटी तो अग्निपूजक उपासक झाला. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मनुष्याचे मोल जन्मावरून नव्हे, तर गुणावरून ठरते हे तत्त्व विशद करताना ही कथा घेतली आहे, ती उगाच नाही.

शब्दाचा अर्थ सांगण्याची ही रीत एका सुत्तापुरती मर्यादित नाही. विनयपिटकाच्या सुत्तविभंगात प्रत्येक नियमानंतर त्यातील एकेक पद सुटे करून त्याचा अर्थ दिला आहे; त्यास 'पदभाजनीय' म्हणतात. खुद्दकनिकायातील निद्देस हा ग्रंथ तर सुत्तनिपाताच्या काही भागावरील शब्दार्थांचाच संग्रह आहे. एकेका शब्दाखाली पर्यायांच्या रांगा लावलेल्या आढळतात. अर्थात कोश हा पुढे कोणा पंडिताने धम्माला जोडलेला उपचार नाही. त्याचे बीज तिपिटकातच आहे. चार पटिसम्भिदांमध्ये अत्थ, धम्म आणि पटिभान यांच्याबरोबर 'निरुत्ति' म्हणजे शब्दज्ञान ही एक स्वतंत्र पटिसम्भिदा मानली आहे, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे.

पदभाजनीयाचा उपयोग किती रोकडा आहे, याचे एकच उदाहरण देतो. पंचशीलातील पाचव्या शीलाचे लांबलचक पद आपण सारे म्हणतो : सुरामेरयमज्जपमादट्ठाना. ते एका श्वासात म्हणण्याची सवय झाल्यामुळे त्यात किती शब्द आहेत, याकडे लक्ष जात नाही. सुरा, मेरय, मज्ज, पमाद आणि ठान असे पाच शब्द त्यात आहेत. विनयातील पाचित्तिय नियमांत भिक्खूंना मद्यपानाचा निषेध आहे, तेथे सुरा आणि मेरय यांतील भेद स्पष्ट केला आहे. पीठ, पुवे, भात यांपासून केलेली ती सुरा. आणि फुले, फळे, मध, गूळ यांचे आसव ते मेरय. फुलांचे आणि गुळाचे! विदर्भात राहणाऱ्या वाचकास यावर अधिक भाष्याची गरज नाही. मोहाची दारू ही दारूच नव्हे, ती तर रानातली, घरची, औषधी, असे म्हणणारे लोक आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहेत. 'मेरय' हा एक शब्द त्यांनी कोशात काढून पाहिला असता, तर ही पळवाट तथागतांच्या काळीच बंद झाली होती असे त्यांना आढळले असते.

दुसरा प्रसंगही विनयपिटकातलाच, चुल्लवग्गातला. ब्राह्मण कुळात जन्मलेले दोन सख्खे भाऊ भिक्खू झाले होते. त्यांची वाणी सुसंस्कृत, उच्चार स्वच्छ. त्यांनी तथागतांकडे तक्रार केली की, संघात नाना नावांचे, नाना गोत्रांचे, नाना जातींचे लोक प्रव्रजित झाले असून ते बुद्धवचन आपापल्या बोलीत बिघडवीत आहेत. तेव्हा ते 'छन्दस्'मध्ये बांधावे. तथागतांनी या सूचनेचा निषेध केला, तसे करणे हा दोष ठरविला आणि 'सकाय निरुत्तिया', म्हणजे स्वतःच्या भाषेत, बुद्धवचन शिकण्याची अनुज्ञा दिली.

आता 'स्वतःच्या' म्हणजे कोणाच्या? पाचव्या शतकातील अट्ठकथाकार आचार्य बुद्धघोष म्हणतात की, येथे मागधी भाषा अभिप्रेत आहे, म्हणजे स्वतः बुद्धांची. ऱ्हीस डेव्हिड्स आणि ओल्डेनबर्ग यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भाषांतरात भिक्खूंची आपापली बोली असा अर्थ घेतला. जर्मन पंडित गायगर यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात पुन्हा बुद्धघोषांचा पक्ष उचलून धरला. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही अर्थ लागू शकतात आणि वाद अजून पूर्णपणे मिटलेला नाही. तथापि प्रस्तुत लेखकास प्रसंगाचा संदर्भ निर्णायक वाटतो. तक्रार आहे ती अनेक जातींच्या लोकांनी अनेक बोली वापरण्याविषयी. तिला उत्तर देताना त्या सर्वांना एकाच भाषेत बांधण्याचा हुकूम दिला असे मानले, तर तक्रार करणाऱ्यांचेच अर्धे म्हणणे मान्य केल्यासारखे होते. एका 'सकाय' या पदावर बहुजनांचा भाषेचा हक्क कसा तोललेला आहे, हे वाचकांनी पाहावे.

यानंतर कोश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथांकडे वळू. अमरसिंह हा परंपरेने बौद्ध मानला गेला आहे. त्याच्या अमरकोशात देव आणि दैत्य यांच्या सामान्य नामांनंतर ब्रह्मा-विष्णूंच्या आधी बुद्धाची नावे येतात, हे त्याचे एक प्रमाण सांगितले जाते. परंतु हाच कोश मनुष्यांकडे येतो, तेव्हा ब्रह्मवर्ग, क्षत्रियवर्ग, वैश्यवर्ग आणि शूद्रवर्ग अशा उतरंडीनेच शब्दांची मांडणी करतो. आणि शूद्रवर्गाच्या आरंभी शूद्राचे पर्याय म्हणून 'वृषल' व 'जघन्यज' हे शब्द देतो. वृषल म्हणजेच पालीतील वसल. श्रावस्तीत ज्या शब्दाचा जन्माशी असलेला संबंध तथागतांनी तोडला, तो शब्द बुद्धाला अग्रमान देणाऱ्या कोशकाराच्या पानावर पुन्हा जन्माला चिकटून बसला!

श्रीलंकेतील पोळोन्नरुवा येथे बाराव्या शतकात, पराक्रमबाहू राजाच्या काळात, मोग्गल्लान थेरांनी 'अभिधानप्पदीपिका' हा पाली कोश रचला. बाराशेच्या वर गाथांचा हा ग्रंथ अमरकोशाच्या धर्तीवर सग्ग, भू आणि सामञ्ञ अशा तीन कांडांत विभागलेला आहे. भिक्खूंनी तो मुखोद्गत करावा, हा हेतू. मोग्गल्लानांनी एक बदल मात्र केला. चार वर्णांच्या विभागात त्यांनी खत्तियवग्ग प्रथम ठेवला आणि ब्राह्मणवग्ग दुसरा. पाली वाङ्मयातील क्रमच तसा आहे. पण सुद्दवग्गात येताच तेही सुद्द या शब्दाचे पर्याय म्हणून 'अन्तवण्ण' आणि 'वसल' हे शब्द नोंदवितात. मोग्गल्लान थेरांना वसलसुत्त ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? विहारात त्याचे पठण नित्य चालत असणार. कोशकार समाजात चालणारा अर्थ नोंदवितो. त्या अर्थाला न्याय आहे की नाही, हे तो सांगत नाही. म्हणून कोश उघडणाऱ्याने शब्दापुढील नोंद वाचून समाधान मानू नये. ती नोंद कोणाच्या तोंडची आहे, हेही विचारावे. जुने मराठी कोश चाळताना जातिनामांखाली ज्या म्हणी आणि वाक्प्रचार भेटतात, ते वाचताना तर हा प्रश्न क्षणोक्षणी विचारावा लागतो.

एकोणिसाव्या शतकात सिलोनच्या मुलकी सेवेतील रॉबर्ट सीझर चिल्डर्स यांनी अभिधानप्पदीपिकेच्या आधारे अकारविल्ह्यानुसार पहिला मोठा पाली-इंग्रजी कोश सिद्ध केला. त्याचे दोन भाग १८७२ आणि १८७५ मध्ये निघाले. पुढल्याच वर्षी चिल्डर्स वारले. लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीचा कोश ऱ्हीस डेव्हिड्स आणि विल्यम स्टीड यांनी १९२१ ते १९२५ या काळात पूर्ण केला. ऱ्हीस डेव्हिड्स यांचे १९२२ मध्येच निधन झाल्याने अखेरचा भार स्टीड यांनी वाहिला. हे दोन्ही कोश रोमन लिपीत आणि इंग्रजीत. मराठी वाचकाच्या हाती त्यांचा उपयोग काय?

मराठी माणसासाठी हा बंद दरवाजा ज्यांनी प्रथम ढकलला, ते धर्मानंद कोसंबी. १८७६ मध्ये गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेल्या या गृहस्थास बुद्धाविषयी 'बालबोध' या मुलांच्या मासिकातील लेखाने ओढ लावली. घर सोडून पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, गया असा प्रवास करीत ते १९०२ मध्ये सिलोनला पोहोचले आणि कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांपाशी पाली शिकले. त्यासाठी आधी सिंहली लिपी शिकावी लागली. त्यांनी सुत्तनिपाताचे मराठी भाषांतर केले. म्हणजे वसलसुत्त मराठी वाचकाच्या घरी त्यांनी आणून दिले. त्यांचा 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ १९४०-४१ मध्ये नागपूर-पुण्याच्या सुविचार प्रकाशन मंडळाने छापला, आणि १९४७ मध्ये त्यांनी देह ठेवला तो नागपूरपासून फार दूर नसलेल्या सेवाग्राम येथे. विदर्भाशी त्यांचे हे नाते आपण विसरता कामा नये.

आता बाबासाहेबांकडे येऊ. पण त्यापूर्वी महात्मा जोतीराव फुले यांचे स्मरण केले पाहिजे. १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी 'महार' हा शब्द 'महा-अरी' म्हणजे मोठा शत्रू असा फोडून दाखविला. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ही व्युत्पत्ती टिकेल असे वाटत नाही. तरीही तिचे महत्त्व कमी होत नाही. ज्या नावाखाली माणसे दडपली गेली, त्या नावाचा अर्थ दुसऱ्याने सांगावा आणि आपण तो निमूट घ्यावा, हे जोतीरावांनी नाकारले.

बाबासाहेबांनी तीच चौकशी पुराव्याच्या शिस्तीने केली. शाळकरी वयात मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत शिकू देण्यात आले नाही आणि नाइलाजाने फारसी घ्यावी लागली, हे सर्वश्रुत आहे. (लकडगंजमधील 'गंज' हा शब्द त्यांना त्यामुळे कोश न उघडताही कळला असता!) संस्कृत ते पुढे स्वतःच्या कष्टाने शिकले. १९४८ मधील अस्पृश्यांच्या उत्पत्तीविषयीच्या ग्रंथात त्यांनी 'अन्त्य' आणि 'अन्त्यज' हे शब्द तपासले आहेत. पंडितांचा अर्थ असा की, अन्त्य म्हणजे सर्वांत शेवटी जन्मलेला. बाबासाहेब विचारतात की, हिंदूंच्या सृष्टिकल्पनेप्रमाणे शेवटी जन्मलेला तो शूद्र. अस्पृश्य तर त्या चौकटीच्या बाहेर, अवर्ण. मग अस्पृश्यास अन्त्य हे नाव जन्मक्रमावरून कसे पडेल? त्यांच्या मते अन्त्य म्हणजे गावाच्या अंताला, सीमेवर राहणारा. जन्माचा डाग म्हणून लावलेला शब्द त्यांनी वस्तीच्या जागेचा शब्द असल्याचे दाखविले. मोग्गल्लानांच्या कोशात 'अन्तवण्ण' हा शब्द सुद्दाला लावलेला आहे, हे वर आले आहे. शेवटचा वर्ण तो शूद्र, हे बाबासाहेबांच्या युक्तिवादातील पहिले पाऊल, त्यास या नोंदीचा आधार मिळतो असे प्रस्तुत लेखकास वाटते.

असा हा शब्दांचा शोधक पुढे स्वतःच कोशकार झाला, ही गोष्ट आपल्यातील अनेकांना अजून ठाऊक नाही. घटनेचा शिल्पकार, अर्थशास्त्रज्ञ, कायदेपंडित म्हणून त्यांना ओळखणारे आपण, पाली शब्दांच्या नोंदी हाताने लिहीत बसलेले बाबासाहेब क्वचितच डोळ्यांपुढे आणतो. महाराष्ट्र शासनाने १९९८ मध्ये प्रकाशित केलेला त्यांच्या लेखन-भाषणांचा सोळावा खंड हा त्याचा पुरावा आहे. नागपूरच्याच वस्तीत वाढलेले वसंत मून हे त्याचे संपादक. या खंडात पाली-इंग्रजी कोश आहे. पाली शब्दांना इंग्रजी, मराठी, हिंदी आणि गुजराती प्रतिशब्द देणारा दुसरा कोश आहे. पाली व्याकरण आहे. आणि बौद्ध पूजापाठही आहे. चार भाषांतील प्रतिशब्द पाहताना हा कोश कोणासाठी होता, हे सांगावे लागत नाही. विद्यापीठातील संशोधकास इंग्रजी पुरेशी होती. मराठी, हिंदी आणि गुजराती हवी होती ती चाळीतील आणि गिरणीतील माणसाला.

महापरिनिर्वाणानंतर हा खंड वाचकांच्या हाती पडण्यास ४२ वर्षे लागली. या काळात आपल्या किती वंदना अर्थाविना झाल्या असतील, हा विचार मनाला टोचतो. दरम्यान जे काम झाले, त्यात भदंत आनंद कौसल्यायन यांचा वाटा मोठा आहे. जातककथांचा हिंदी अनुवाद करणारे आणि बाबासाहेबांच्या धम्मग्रंथाचा हिंदी अनुवाद करून त्याची पाली मुळे शोधून देणारे भदंतजी आयुष्याच्या अखेरच्या काळात नागपुरात राहिले आणि १९८८ मध्ये येथेच त्यांचे निधन झाले. त्यांचा पाली-हिंदी कोश आणि एकतीस दिवसांत पाली शिकविणारे पुस्तक यांवर नागपुरातील कितीतरी उपासक-उपासिकांनी पालीची पहिली अक्षरे गिरविली आहेत.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर दोन भाषा ऐकू आल्या. त्रिसरण-पंचशील पालीत आणि बावीस प्रतिज्ञा मराठीत. प्रतिज्ञा कळल्या, त्या आपल्याच भाषेत होत्या. पाली शब्द मात्र पुष्कळांनी श्रद्धेने उच्चारले आणि अर्थ नंतर शोधावयाचा म्हणून मनात ठेवला. ते 'नंतर' काही घरांत अजून उगवलेले नाही. अर्थ न कळता मंत्र म्हणावा, हा ज्या व्यवस्थेचा शिरस्ता होता, ती तर आपण त्या दिवशी सोडली.

आणि कोश उघडणे वाटते तितके कठीण नाही. दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या म्हणजे झाले. पाली कोशात क्रियापद बहुधा तृतीय पुरुषी एकवचनात नोंदलेले असते. म्हणून 'समादियामि' शोधून सापडणार नाही, 'समादियति' पाहावे. जोडशब्द आधी फोडावा. 'अदिन्नादाना' हा शब्द अ, दिन्न आणि आदान असा सुटतो : न दिलेले घेणे. मग केवळ चोरी हा अर्थ किती अपुरा आहे, ते कळते. मजुराला ठरल्यापेक्षा कमी देऊन राखून ठेवलेले पैसेही त्यात येतात. पुष्कळ शब्द तर घरचेच निघतात. घर हा शब्द पालीतही घरच आहे. हत्थ म्हणजे हात, गाम म्हणजे गाव, सप्प म्हणजे साप, दन्त म्हणजे दात, सुत्त म्हणजे सूत. आरामशिनीवर काम करणाऱ्या माणसाला 'कट्ठ' म्हणजे काष्ठ, लाकूड, हे एकदाच सांगावे लागते. त्याच्या हातातील काठी त्याच घराण्यातली.

परंतु याच घरोब्यात धोका आहे. मज्झिमनिकायात तराफ्याचा प्रसिद्ध दृष्टांत आहे. तेथे माणूस गवत, लाकडे, फांद्या आणि 'पलास' गोळा करतो. वैदर्भीय वाचकास लगेच पळसाचे झाड दिसते; तेथे अर्थ आहे पाने. ही चूक निरुपद्रवी आहे. 'वेदना' या शब्दाची तशी नाही. मराठीत वेदना म्हणजे दुखणे, यातना. पालीत वेदना म्हणजे अनुभूती. ती सुखद असते, दुःखद असते आणि यांपैकी कोणतीच नसणारीही असते. पंचस्कंधांतील वेदना मराठी अर्थाने वाचली की, बुद्ध म्हणजे माणूस हा दुःखाचा गोळा आहे असे सांगणारा निराशावादी, हा जुना आरोप आपणच आपल्या तोंडाने सिद्ध करतो. बाबासाहेबांनी आयुष्याच्या अखेरीस ज्या आरोपाशी झुंज दिली, त्याला असे मागील दाराने घरात घ्यावयाचे काय?

'सङ्खार' या शब्दाचीही तीच गत. मराठीत संस्कार म्हणजे मुलांवर करावयाची चांगली शिकवण किंवा सोळा विधी. 'सर्व संस्कार अनित्य आहेत' हे ऐकून एखादी आई काळजीत पडली, तर तिला दोष देता येणार नाही. 'विञ्ञाण' म्हणजे जाणीव. त्याचे मराठी रूप विज्ञान झाले आणि त्यावरून, बुद्धाने पंचस्कंधात सायन्सला स्थान दिले, असे व्यासपीठावरून सांगताना मी ऐकले आहे. बुद्धाचा मार्ग परीक्षेचा व बुद्धिवादाचा आहे, हे शाबीत करण्यासाठी इतर पुरावे मुबलक आहेत. त्यासाठी शब्दाच्या गैरसमजाचा आधार घेणे आपल्याला शोभत नाही. पाली शिकणाऱ्या आपल्या तरुणांना मी सांगत असतो की, 'वेरमणी'सारखा अनोळखी शब्द तुम्ही पाहालच. पण वेदना, संस्कार, विज्ञान, नाम, रूप, कर्म हे शब्द आधी पाहा.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने पालीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मराठी आणि प्राकृत यांनाही त्याच दिवशी तो मिळाला. नागपूर विद्यापीठात पाली-प्राकृत विभाग आहे. साधने वाढतील, अशी आशा करण्यास जागा आहे. तथापि विहारातील साध्या वर्गाची जागा दुसरे काही घेऊ शकत नाही.

अशाच एका रविवारच्या वर्गात मज्झिमनिकायातील अरणविभंगसुत्त चालले होते. तथागत त्यात सांगतात की, एकाच भांड्याला निरनिराळ्या जनपदांत निरनिराळी नावे आहेत. कोठे पाती म्हणतात, कोठे पत्त, कोठे सराव, कोठे पोण, कोठे पिसील. आपल्या प्रांताच्या शब्दाचा हट्ट धरून तोच खरा, बाकीचे खोटे, असे भिक्खूने म्हणू नये. आणि लोकांत चालणाऱ्या शब्दाला बाजूलाही सारू नये. जेथे जो शब्द चालतो तेथे त्या शब्दाने बोलावे. मी फळ्यावर ही नावे लिहीत होतो. मागच्या रांगेत बसलेल्या, साठी ओलांडल्यावर अक्षरे शिकलेल्या एका आजींनी हात वर केला.

"सर, मुंबईची सून आली त ते पातेलं म्हणते. तिची आई टोप म्हणते. आमी त्याले गंज म्हणतो. मग तेबी लिवा."

मी पिसीलच्या खाली गंज लिहिले. त्यावर शेजारच्या बाईंनी बगोना सुचविला, आणखी कोणी गुंड म्हटले. पण गुंड पाण्याचे, ते यात येत नाही, असे आजींनीच ठरविले.